शिबिर उठते, मागे काय उरते?

शाळू हुरड्यात आला, हरभऱ्याला घाटे धरू लागले, की कुठल्या ना कुठल्या गावात कॉलेजचे शिबिर येऊन उतरते. टेम्पोतून सतरंज्या, पातेली, खोरी, टिकाव आणि घमेली खाली येतात. मुलींची सोय शाळेच्या वर्गात होते, मुलांची समाजमंदिरात किंवा देवळाच्या ओवरीत. पहाटे प्रभातफेरी निघते तेव्हा गोठ्यात धारा काढणारी माणसे माना वळवून पाहतात. दुपारपर्यंत ओढ्याकाठी टिकावांचा आवाज येत राहतो. संध्याकाळी पारावर कार्यक्रम होतो. कोणी जनावरांच्या रोगांवर बोलते, कोणी बँकेच्या कर्जावर, आणि शेवटी मुले-मुली नाटुकले करतात तेव्हा सगळा गाव लोटतो. सात दिवस गाव भरल्यासारखे असते. सातव्या दिवशी समारोप होतो, सरपंच शाल-नारळ देतात, एखादी आजी डोळ्यांना पदर लावते आणि टेम्पो धूळ उडवीत निघून जातो.

मग पारावर खरी चर्चा सुरू होते. "केले काय हो पोरांनी?" असे कोणीतरी विचारतेच. मुरूम टाकलेला रस्ता पहिल्या वळवाने वाहून जातो. पाहुण्यांच्या हस्ते लावलेली रोपे फाल्गुनात वाळतात, उरलेली शेळ्यांच्या पोटात जातात. भिंतीवर रंगवलेली घोषणा तेवढी दोन-तीन वर्षे टिकते. शेतकरी माणूस हिशेबी असतो. जे पेरले ते किती उगवले, हे तो पाहणारच. त्यामुळे शिबिराची कोणी टिंगल केली तर त्याला गप्प बसवण्यात अर्थ नाही. त्याचेही खरे आहे.

तरी हा हिशेब अर्धाच आहे, असे मला वाटते. रस्ता किती टिकला हे आपण मोजतो. त्या सात दिवसांत जी पोरे घडली आणि गावातल्या माणसांच्या मनात जे हलले, त्याचे माप आपल्याजवळ नसते. ते दिसायला दहा-वीस वर्षे लागतात. वाचकहो, आज अशा जुन्या शिबिरांचीच गोष्ट सांगावयाची आहे. पन्नास-पाऊणशे वर्षांपूर्वीची असल्यामुळे त्यांचे पीक कसे आले ते आता नीट पाहता येते.

पहिले शिबिर गावानेच बंद पाडले

तरुणांनी परक्या गावात जाऊन फुकट अंगमेहनत करायची, ही कल्पना आपल्याला नवी नाही. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम होता. आजच्या कुठल्याही शिबिराचे वेळापत्रक पाहा. सकाळी श्रमदान आणि संध्याकाळी व्याख्यान, म्हणजे गाडगेबाबांचाच तो क्रम झाला. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली कॉलेज काढले तेव्हा गरिबांच्या पोरांनी कष्ट करून शिकायचे, ही 'कमवा आणि शिका'ची रीत तेथे घातली. हातात पुस्तक आणि हातात कुदळ, या दोहोंत वैर नाही हे खेड्यातल्या माणसाला त्यांनी दाखवले.

पण जगात ज्याला श्रमदानाची छावणी म्हणतात, तिची सुरुवात पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली फ्रान्समध्ये झाली. पिएर सेरेसोल नावाचे एक स्वित्झर्लंडचे इंजिनिअर होते. व्हर्दून येथे फ्रेंच आणि जर्मन सैन्यांत महिनोन्‌महिने लढाई झाली होती आणि भोवतालची खेडी मातीला मिळाली होती. सेरेसोल यांनी वेगवेगळ्या देशांतले मूठभर स्वयंसेवक जमवले. त्यांत काही जर्मनही होते. मोडलेले गाव सगळ्यांनी मिळून पुन्हा उभारायचे, असे त्यांनी ठरवले. कामाला सुरुवात झाली, झोपड्या उभ्या राहिल्या. पण ज्यांच्याशी कालपरवापर्यंत लढलो ते जर्मन आपल्या गावात नकोत, अशी कुरबूर सुरू झाली. काही महिन्यांतच मुक्काम हलवावा लागला. म्हणजे पहिले शिबिर गावाच्या विरोधाने बंद पडले! आपल्या गावातल्या टिंगलखोरांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

सेरेसोल खचले नाहीत. त्यांची संघटना पुढे अनेक देशांत पसरली. जानेवारी १९३४ मध्ये बिहारात मोठा भूकंप झाला, तेव्हा ते हिंदुस्थानात आले आणि राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याच्या जोडीने उद्ध्वस्त खेडी पुन्हा बांधण्याच्या कामाला लागले. याच संघटनेचे देशोदेशींचे तरुण १९५० नंतरच्या काही वर्षांत आपल्या महाराष्ट्रात, चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ आनंदवनात येऊन राहिले. तिथून आपली गोष्ट घराजवळ येते.

बाबा आमट्यांनी आनंदवनाची वसाहत १९५१ साली मूठभर कुष्ठरोग्यांना घेऊन, दगडधोंड्यांच्या माळावर सुरू केली. त्या काळी या रोगाची धास्ती अशी, की रोग्याच्या हातचे पाणी तर सोडाच, त्याने पिकवलेली भाजीदेखील कोणी घेत नसे. आनंदवनातल्या माणसांनी विहीर खणली, जमीन भिजवली, भाजी पिकवली. पण वरोऱ्याच्या बाजारात ती घ्यायला कोण धजणार? अशा वेळी हे परदेशी तरुण तेथे येऊन राहिले. त्यांनी दवाखान्यासाठी विटा वाहिल्या, भिंती उभारल्या, आणि आनंदवनात पिकलेलेच खाल्ले. शहाणीसुरती, शिकलीसवरली माणसे इतकी जवळ राहतात आणि त्यांना काही होत नाही, हे वरोऱ्याचे लोक रोज डोळ्यांनी पाहत होते. हळूहळू भीती ओसरली. लोक आनंदवनात येऊ लागले, भाजीला गिऱ्हाईक मिळाले.

त्या तरुणांनी बांधलेल्या भिंती आज किती उरल्या असतील कोणास ठाऊक. पण एका गावाची भीती मोडली, ती पुन्हा आली नाही. (याच जागी सांगून ठेवतो: कुष्ठरोगावर १९८० नंतर आलेल्या औषधांनी सहा महिने ते वर्षभरात रोगी पूर्ण बरा होतो. अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळते.)

सोमनाथचा मे महिना

चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने सोसला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. पारा पंचेचाळीसच्या वर जातो. दुपारी पाखरूही झाडाबाहेर येत नाही. अशा दिवसांत, मे महिन्याच्या मध्यावर, आठवडाभराची छावणी भरवायची, हे बाबा आमट्यांचे डोके. मूल तालुक्यात सोमनाथ येथे जंगलाला लागून बऱ्या झालेल्या रुग्णांनी जमीन फोडून भातशेती उभी केली होती. तेथे १९६७ च्या सुमारास बाबांनी तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. श्रमिकांचे एक विद्यापीठ तेथे व्हावे, असे त्यांच्या मनात होते. जो हाताने काम करतो त्याच्याकडून शिकायचे, असे ते विद्यापीठ. छावणी १५ ते २२ मे या दिवसांत भरू लागली आणि ती तारीख महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून तोंडोतोंडी झाली.

तिथला दिवस उजाडण्याआधीच सुरू होतो. ऊन चढण्यापूर्वी सगळे कामावर गेलेले असतात. खोदाई, बांधबंदिस्ती, तळ्यातला गाळ उपसणे, नाल्यात दगड रचणे अशी कामे. ज्यांनी जन्मात टिकाव धरला नाही, त्यांच्या तळव्यांना पहिल्याच दिवशी फोड येतात. ऊन तापले की सावलीत गटागटाने चर्चा, मग व्याख्यान. बोलायला येणारे जंगलात, आदिवासी पाड्यांवर, दुष्काळी गावांत स्वतः काम करणारे. रात्री गाणी, नाटके. पुण्या-मुंबईचा मुलगा, विदर्भातला कास्तकाराचा मुलगा, खानदेशातली मुलगी, सगळे एका पंगतीत. आणि वाढायला तीच माणसे, ज्यांना त्यांच्या सख्ख्या भावांनी एके काळी घराबाहेर काढले होते. बोटे झडलेल्या हातांनी वाढलेली भाकरी खाताना पोरांच्या मनात पहिल्या दिवशी काय होत असेल ते समजू शकते. तिसऱ्या दिवशी तो विचारही मनात राहत नाही. हा धडा कुठल्याही पुस्तकातून देता येत नाही. म्हणून तर बाबांनी जागा सोमनाथची निवडली. आठवड्याच्या मजुरीसाठी काही एवढ्या लांबून पोरे आणायची गरज नव्हती. ती कामे तेथल्या रहिवाशांनी कितीतरी अधिक नेटाने केली असती.

बाबांचे म्हणणे असे, की तरुणाचे हात उगारण्यासाठी नाहीत आणि पसरण्यासाठीही नाहीत, ते काही निर्माण करण्यासाठी आहेत. ऐकायला सोपे आहे. पण घरची नोकरी-लग्नाची घाई, मित्रांची चेष्टा, 'लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतोस' हा चुलत्यांचा प्रश्न, या सगळ्यांतून ते टिकायला हवे. शेकड्यांनी येणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांचे ते टिकले नाही, हे मान्य केले पाहिजे. ती घरी गेली, नोकरीला लागली, संसारात पडली. त्यात वाईट काही नाही. बियाण्याचा प्रत्येक दाणा उगवत नसतो.

पण जे उगवले त्याचे झाड केवढे झाले पाहा. डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. बाबांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि सूनबाई डॉ. मंदाकिनी तेथे राहायला गेले, तेव्हा पावसाळ्यात महिनोन्‌महिने जगाशी संबंध तुटत असे. वीज नाही, रस्ता नाही, माडिया आदिवासींची भाषा कळत नाही. दोन डॉक्टर एकटे असते तर तेथे दवाखानाही टिकला नसता, मग शाळा तर दूरच. त्यांच्या बरोबरीने घरदार सोडून तेथे जाऊन राहिलेली तरुण मंडळी होती, म्हणून ते उभे राहिले. आनंदवन आणि सोमनाथ यांच्या वाऱ्याने भारलेली ही पिढी. त्यांतल्या अनेकांनी आपली सारी उमेद तिथेच घालवली. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांची नावे सर्वत्र झाली. बरोबरच्या मंडळींची नावे आपल्याला ठाऊकही नसतात.

पुढे २४ डिसेंबर १९८५ रोजी बाबा कन्याकुमारीहून 'भारत जोडो' म्हणत काश्मीरकडे निघाले. वय एकाहत्तर, मणक्याच्या दुखण्यामुळे बसताही येत नाही, गाडीत आडवे पडून प्रवास करायचा. आणि पुढे-मागे सायकलींवर शंभरावर तरुण-तरुणी. देशात फुटीचे वारे वाहत असताना एवढी पोरे घरचे सोडून महिनोन्‌महिने सायकल मारायला एका दिवसात तयार होत नाहीत. त्याच्या मागे दर मे महिन्यातली ती तापलेली दुपार होती. बाबा २००८ च्या फेब्रुवारीत गेले. छावणीची परंपरा त्यांच्या माघारीही चालत राहिली.

सरकारी शिबिराचे काय?

हे झाले एका थोर माणसाच्या छायेतले शिबिर. प्रत्येक गावाच्या वाट्याला बाबा आमटे येत नाहीत. आपल्याकडे येते ते राष्ट्रीय सेवा योजनेचे, म्हणजे पोरांच्या भाषेत 'एनएसएस'चे शिबिर.

गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, त्या वेळचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ही योजना सुरू केली. सुरुवातीला ३७ विद्यापीठे आणि ४० हजार विद्यार्थी होते. आज ही संख्या लाखांच्या घरात आहे. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करायची आणि एकदा सात दिवसांच्या निवासी शिबिराला जायचे, असा नियम. गुणांच्या सवलतीसाठी नाव घालणारी पोरेही असतात, आणि फावडे एका हातात, मोबाईल दुसऱ्या हातात धरून फोटो काढणारीही असतात. ते पाहून आपण हसतो. हसावे. पण त्याच रांगेत एखादा मुकाट्याने घमेली उचलणारा असतो, त्याच्याकडेही पाहावे.

योजना सुरू होऊन तीन वर्षे झाली नाहीत तोच १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना आठवण करून द्यायला नको. मिलो खाऊन दिवस काढले, जनावरे कवडीमोलाने गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या वर्षी सेवा योजनेच्या देशभरच्या शिबिरांचा विषयच 'दुष्काळाविरुद्ध तरुण' असा ठेवला होता. खडी किती फोडली याचा हिशेब काढला तर विद्यार्थ्यांचे काम त्या ५० लाखांपुढे चिमूटभर. आपल्या आयाबहिणींनी जी पाझर तलावांची माती डोक्यावरून वाहिली तिची बरोबरी कुठल्याच शिबिराला येणार नाही. पण दुष्काळी भागात गेलेल्या विद्यार्थ्याने जे पाहिले, ते पुढे तो मामलेदार झाला, बँकेत लागला, मास्तर झाला, तरी त्याच्याबरोबर राहिले. असा एखादा साहेब कचेरीत भेटला की आपल्याला लगेच कळते. तो आधी 'बसा' म्हणतो.

शेतकऱ्याच्या पोराला शिबिरात काय मिळते

याबद्दल कोणी फारसे लिहीत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

खेड्यातला मुलगा तालुक्याच्या कॉलेजात जातो तेव्हा त्याच्या मनात एक लाज दडलेली असते. वडिलांचे मळके धोतर, आपली बोली, सुट्टीत केलेली खुरपणी, यांतले काहीच तो मित्रांना सांगत नाही. शिकणे म्हणजे शेतीपासून दूर जाणे, असे त्याला न सांगता शिकवलेले असते. असा मुलगा शिबिराला जातो. पहिल्या सकाळी हातात टिकाव येतो, आणि शहरातली पोरे तो कुठे धरावा, कसा मारावा, कमरेत वाकावे की गुडघ्यात, यातच गडबडतात. हा मात्र चार घावांत दगड उलटून टाकतो. बाकीचे पाहत राहतात. "अरे, आम्हांला दाखव ना," म्हणतात. वर्गात मागच्या बाकावर बसणारा मुलगा त्या दिवशी मास्तर होतो. पाणी कुठून वाहील, बांधाला कुठे फोडणी बसेल, हे त्याला पाहताक्षणी कळते. प्राध्यापकसुद्धा त्याला विचारतात. बापाने शिकवलेले ते ज्ञान आहे, याची जाणीव त्याला बहुधा तेव्हाच पहिल्यांदा होते. शिबिरांतून मी ही गोष्ट इतक्या वेळा पाहिली आहे, की केवळ एवढ्यासाठी शिबिरे भरवली तरी ती वाया गेली असे मी म्हणणार नाही.

शहरातल्या मुलाच्या पदरातही काही पडते. एक खड्डा खणायला किती घाम लागतो हे त्याच्या अंगाला कळते. मग बाजारात भाजीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी घासाघीस करताना त्याची जीभ जरा अडखळते.

आणि घरी परतलेला मुलगा! आयांनो, हे तुम्हीच अधिक चांगले सांगू शकाल. जाताना जो पाण्याचा तांब्याही हातात मागत असे, तो जेवून उठल्यावर स्वतःचे ताट घासायला घेतो. शिबिरात सगळ्यांना आपापले ताट घासावे लागते, स्वयंपाकाची आणि झाडलोटीची पाळी मुलांनाही असते. ही सवय किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. पण आईने 'राहू दे रे, बायकांचे काम ते' असे म्हणून ताट हातातून काढून घेतले, तर त्याच दिवशी संपेल एवढे नक्की.

मुलीला पाठवावे की नाही, हा घराघरांतला खरा प्रश्न. चारचौघांत मुलगी सात रात्री बाहेर राहणार, म्हणून वडील नको म्हणतात, आणि आई गप्प बसते. काळजी खोटी नाही. पण नुसते 'नाही' म्हणण्यापेक्षा चार गोष्टी विचारून घ्याव्यात. बरोबर प्राध्यापिका आहेत का आणि त्या रात्री तेथेच राहणार का, झोपण्याची जागा कोठे, संडास-न्हाणीची सोय कशी, निरोपासाठी फोन कोणाचा. उत्तरे नीट मिळाली तर पाठवावे. एखाद्या दिवशी स्वतः जाऊन पाहून यावे. शिबिर उघड्यावर चालते, तेथे लपवण्यासारखे काही नसते. उभे राहून चार माणसांपुढे बोलायला मुली अशाच ठिकाणी शिकतात. पुढे आरक्षणाने ग्रामपंचायतीत जागा आल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही, अशी अवस्था त्यांची होत नाही.

काम कोणाचे, यावर त्याचे आयुष्य

आता पुन्हा त्या वाहून गेलेल्या मुरुमाकडे येऊ. काम टिकत का नाही? कारण बहुतेक वेळा ते गावाने मागितलेले नसते. कॉलेजने विषय ठरवलेला असतो, सरपंचाने 'या की' म्हटलेले असते, आणि गाव आठ दिवस पाहुणचार करते.

२०१६ ते २०१९ या चार वर्षांत महाराष्ट्रात पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा झाली, तिच्यात याच्या उलट रीत होती. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते, २०१८ पर्यंत ते ७५ झाले. आधी गावातल्याच माणसांनी प्रशिक्षणाला जायचे, पाणलोट समजून घ्यायचे, मग गावाने उन्हाळ्यात श्रमदान करायचे. शहरातली हजारो माणसे, त्यांत विद्यार्थीही, एक मेच्या महाश्रमदानाला येत ती मदतनीस म्हणून. कुठे चर खणायचा आणि कुठे नाही, ते गावकरी सांगत. कामाचा धनी गाव होता. सगळ्याच गावांचे पाणी टिकले असे नाही. ज्या गावांनी मोटारी आणि उसावर आवर घातला नाही, तेथे खणलेल्या चरांनी फार काळ पुरवठा केला नाही. पण गाळ भरलेला चर पुन्हा मोकळा करायला तेथे कोणी टेम्पोची वाट पाहत बसले नाही.

तेव्हा यंदा तुमच्या गावात शिबिर येणार असेल तर आधी बैठक बोलवा, आणि कॉलेजच्या माणसांना काम तुम्ही सांगा. हिवाळ्यातल्या शिबिरात झाडे लावायला लावू नका. पाणी घालायला कोणी नसते. खड्डे खणून घ्यावेत, बाभळीचे काटे तोडून कुंपणाला रचून ठेवावेत, आणि रोप मृगाचा पाऊस झाल्यावर गावाने लावावे. एकेक झाड एकेका घराच्या नावाने नेमून दिले तर शेळ्या कोणाच्या हेही आपोआप कळते.

डोंगरउतारावर चर खणायचे असतील तर ते समपातळीतच हवेत. तीन काठ्यांचे तिकाटणे बांधून मध्ये ओळंबा सोडला की पातळी काढता येते. पोरांना ते तासाभरात जमते. साधारण दोन फूट रुंद आणि एक फूट खोल चर, माती उताराच्या खालच्या अंगाला. पातळी चुकली तर पाणी एका टोकाला धावते आणि पुढच्या पावसात तेथे घळ पडते, म्हणून उत्साहाच्या भरात फीत न लावता खणू देऊ नये.

हाताचे काम नको असेल तर डोक्याचे मागा. संजय गांधी निराधार योजनेचे आणि श्रावणबाळ योजनेचे अर्ज न भरल्यामुळे किती म्हाताऱ्या, किती विधवा बसून आहेत! लिहितावाचता येणारी पन्नास पोरे आठवडाभर गावात आहेत, घरोघर फिरून कागद जमवतील, अर्ज भरून देतील. असे एक काम पुरे झाले तर त्या घरात शिबिराचे नाव वर्षानुवर्षे निघेल.

आणि ओढ्याला पाणी असताना कॉलेज यायला तयार असेल तर वनराई बंधाऱ्यासारखे काम नाही. सिमेंटची, खताची रिकामी पोती आधीच घराघरांतून गोळा करून ठेवावीत. पोते तोंडापर्यंत न भरता पाऊण भरून सुतळीने शिवावे, विटांसारखे सांधेमोड रचावे, दोन रांगांच्या मध्ये चिकणमाती ठोकून भरावी, आणि बंधारा कंबरेपेक्षा उंच नेऊ नये. आसपासच्या विहिरींना त्याने आधार मिळतो, गव्हाची-हरभऱ्याची एखाद-दुसरी पाळी निघते, जनावरांना पाणी होते. मात्र यासाठी शिबिर जानेवारीत येऊन उपयोग नाही. ओढा वाहता असतानाच, दसरा-दिवाळीच्या आगेमागे आले पाहिजे. म्हणून प्राचार्यांना पत्र पोळ्याच्या सुमारास गेलेले बरे. पोती उन्हाने एका वर्षात फाटतात आणि पावसाळ्यात बंधारा वाहून जातो, तेव्हा पुढल्या साली कॉलेज आले नाही तर पोती कोण जमवणार आणि कोणत्या आळीने कोणत्या दिवशी यायचे, हे त्याच बैठकीत लिहून घ्यावे.